कुंकवाचं पोतं

हमीभाव हा शब्द ज्यानं काढला, त्याला मला एकदा आमच्या अंगणात आणून बसवायचं आहे. हमी कुणी कुणाला दिली, एवढंच विचारीन.

त्या वर्षी आमच्या घरचं सगळं त्या एका शब्दावर अडून बसलं होतं. बाबांचे गुडघे गेले होते, पण वावर सुटत नव्हतं. दिवाळीतच त्यांनी आईला सांगून टाकलं, "सोयाबीन सरकारी काट्यावर लागलं त पुढच्या सालीबी वावर आपनच वाहू. नाई त गुढीपाडव्याले मक्त्यानं देऊन टाकतो." मक्ता म्हणजे वर्षभर आपल्या मातीत दुसऱ्याचा नांगर, आणि आपण शेताच्या कडेला धुऱ्यावरून बघायचं.

आईनं सोयाबीन वाळवायला घेतलं. रोज अंगणात पसरायचं, पायानं वरखाली करायचं, ऊन उतरायच्या आत झाकायचं. सरकारी खरेदी केंद्रावर बारा टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही, हे तिला पाठ होतं. ओलाव्याला ती मोश्चर म्हणायची. दाणा दाताखाली फोडून सांगायची, "झालं पाह्य आता, कटकन वाजते."

नोंदणी मी केली होती, म्हणून नंबर लागल्याचा मेसेजही माझ्याच मोबाईलवर आला. खरेदीचा शेवटचा दिवस होता. बडनेऱ्याहून मी घरी पोचले तेव्हा भाड्याच्या टेम्पोत पोती भरून झाली होती. आमच्याकडे माल घराबाहेर पडताना चाकांवर पाणी घालतात. आईनं चारही चाकांवर घातलं. मग सगळ्यात मागच्या पोत्याला कुंकू लावलं, तांब्यातलं उरलेलं पाणी त्यावरच ओतलं आणि हात जोडले. आम्हीही जोडले. वर ताडपत्री बांधून निघालो.

नांदगाव खंडेश्वरच्या केंद्रावर रांग पार रस्त्यापर्यंत होती. आमचा टेम्पो आत जाईस्तोवर उन्हं कलली. तपासणाऱ्यानं हाताशी आलेल्या पोत्यात लोखंडी नळी खुपसली. हाताशी आलेलं पोतं अर्थातच मागचं होतं. कुंकवाचं. दाणे मशीनमध्ये पडले आणि साडेतेराचा आकडा आला.

बाबांच्या लगेच लक्षात आलं. "साहेब, पूजेचं पानी हाय ते. दुसऱ्या पोत्यातलं पाहा ना."

"काकाजी, सगळे असंच काही ना काही सांगून राहिले. आकडा पडला तो पडला. वाळवून आना."

"आज शेवटचा दिवस आहे!" मी ओरडले.

"मंग मी काय करू, ताई?"

मी तोंडाला येईल ते बोलले. त्याची, त्याच्या मशीनची, साऱ्या सरकारची लाज काढली. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवायला लागले. बाबांनी दुसऱ्या पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर दाणे घेतले आणि त्याच्यासमोर एकेक दातानं फोडायला लागले. कट. कट. त्यांचे डोळे भरले होते. मला तिथंच मरून जावंसं वाटलं. तो माणूस पुढच्या गाडीकडे निघून गेला.

फाटकाबाहेर व्यापाऱ्याचा काटा होताच. त्यानं दाणा चावला, "मस्त वाळलं हाय," म्हणाला आणि भाव पाडूनच घेतलं.

परतताना बाबा एवढंच म्हणाले, "तुह्या मायले सांगू नको."

आई दारातच उभी होती. "मोश्चर किती आलं?"

"मोश्चर बरोबर होतं," बाबा म्हणाले. "पन त्यायचा बारदाना संपला, रिकामी पोतीच नाई उरली. काटाच बंद केला."

आईनं सरकारला पोटभर शिव्या घातल्या. आम्ही दोघं मान खाली घालून ऐकत राहिलो.

पाडव्याला वावर मक्त्यानं गेलं. पेरणीच्या दिवशी मी घरीच होते. मक्तेवाल्याचा ट्रॅक्टर बियाण्याची पोती घेऊन आमच्या दारावरून निघाला, तर आईनं त्याला थांबवलं. वावर तर आपलंच आहे, म्हणाली. तांब्या आणून चाकांवर पाणी घातलं, उरलेलं घेऊन ती पोत्यांकडे वळली.

"पोत्यावर नको!" बाबा ओट्यावरून ओरडले.

बाबा आईवर कधी ओरडत नसत. आई थांबली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या तांब्याकडे.

"त्या दिवशी मोश्चर किती आलं होतं?" तिनं विचारलं.