जमादाराचा हशा

मुलांनो, संसदेतला हशाही छापतात का, असं परवा विचारलंत, म्हणून लिहिते.

निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षी पूर्णा-परभणी गाडीत एक गृहस्थ दिल्लीच्या घटना समितीचं छापील कामकाज मराठी करून वाचत होते. कंसात ‘हशा’ आला की बोट वर करून म्हणत, “हसा, छापलंय!” सगळे हसेपर्यंत थांबत.

मधेच पोलिसांचा जमादार चढला. हैदराबाद संस्थान अजून भारतात आलं नव्हतं; दिल्लीचे ते कागद सापडले तर तुरुंग होता.

“क्या पढ रहे?”

गृहस्थांच्या शेजारची म्हातारी म्हणाली, “सासूसुनांची गोष्ट हाय, साहेब. लय भांडायल्यात.”

“तो सुनाओ,” म्हणत तो बसलाच.

मग परभणीपर्यंत अध्यक्ष सासरे झाले आणि सभासद सासवा-सुना. बोट वर झालं की सगळ्यांत आधी जमादार हसायचा.

ते कामकाज आजही ग्रंथालयात मिळतं. जमादाराचा हशा त्यात नाही.