दोन ते तीन

लग्न होऊन मी जळगावकडच्या खेड्यातून सुरतेला आले, तेव्हा नवागामच्या आमच्या गल्लीत नीट मराठी लिहिता येणारी बाई मी एकटीच. बारावी झालेली. महिन्याभरात गल्लीभरची पत्रं माझ्याकडे आली. कुणाच्या आईला, कुणाच्या भावाला, कुणाच्या गावी राहिलेल्या नवऱ्याला. कुणी कधीही कोरं इनलँड घेऊन दारात बसायचं आणि मी मळत्या पिठातला हात धुऊन लिहायची. त्या लिहिण्याला कुणी रिकामा उद्योग म्हटलं नाही.

मला मात्र माझं स्वतःचं लिहायचं होतं, आणि ते चार वर्षं उद्यावर पडत होतं. नवरा कापडाच्या कारखान्यात लूमवर, आठवडा दिवसपाळी, आठवडा रात्रपाळी. मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. पाचला व्यापाऱ्याचा माणूस गठ्ठा न्यायला यायचा.

एका दुपारी काम लवकर आटपलं. मी वही उघडली. अर्धं पान झालं असेल, तोच समोरची शेजारीण इनलँड घेऊन आली. मी म्हटलं, जरा थांबा, मी लिहितेय.

"कोनले लिखी ऱ्हायनी?" तिनं विचारलं.

कुणालाच नाही, असं मी सांगितलं. ती हसायला लागली. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं की बारावीवाली कुणालाच पत्र लिहीत नाही आणि तरी लिहिते. नवऱ्यानं ते पानाच्या टपरीवर ऐकलं. घरी येऊन तो शांतपणे म्हणाला की लोकांची पत्रं लिहितेस ते बरं, कुणाच्या तरी उपयोगी पडतं, हे कशाला?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवड्यातून एक दिवस वीज बंद म्हणून कारखान्याला सुट्टी असायची. त्या दिवशी हा माणूस सकाळपासून जेवणापर्यंत नाक्यावर कॅरम खेळायचा. ते कुणाच्या उपयोगाचं, हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी दारोदार जाऊन सांगून आले की पत्रं चारनंतर. दोन ते तीन मी लिहीत असते. दार लावून बसता येत नव्हतं. भरदिवसा दार लावलं तर गल्ली त्याचेही अर्थ काढणार. मग मी उंबऱ्याकडे पाठ करून बसायची.

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राग मला माझाच आला. भांडून मिळवलेल्या त्या तासात पहिले कित्येक दिवस मला एक ओळ सुचली नाही. डोळे मिटायचे. मध्येच आठवायचं की तांदूळ निवडायचे राहिलेत, आणि मी आपणहून उठायची. कुणी हाक न मारता! मग मी ठरवलं, सुचो न सुचो, तीनपर्यंत मांडी मोडायची नाही. "आज काही सुचत नाही" हेच वाक्य मी पानभर लिहिलंय. चिडून लिहिलेलं अक्षर अजून ओळखू येतं, पेन कागदात रुतलंय.

शेजारणीनं रुसून आपल्या मुलीकडून पत्र लिहून घेतलं. मुलगी गुजराती शाळेतली. अहिराणी बोलणं तिनं गुजराती अक्षरात उतरवलं आणि गावी ते कुणालाच वाचता आलं नाही. शेजारीण परत आली. चारनंतर आली.

नवरा सोपा नव्हता. रात्रपाळीच्या आठवड्यात तो अडीचला उठला आणि पडल्या पडल्याच म्हणाला, "चहा ठेव."

"तीन वाजू द्या," मी मान वर न करता म्हटलं.

तो उठला, शर्ट चढवला आणि बाहेर चहा प्यायला निघून गेला. पुढचे चार दिवस तो चहा बाहेरच प्यायला. मीही मनवायला गेले नाही. पाचव्या दिवशी अंथरुणातूनच त्यानं विचारलं, "तीन वाजनात का?"

नाही वाजले, मी म्हटलं. तो कूस बदलून पडून राहिला.

हे सांगितलं की बायकासुद्धा म्हणतात, समजूतदार होता हो तुमचा नवरा. मला पुन्हा तसाच संताप येतो. त्यानं अर्धा तास चहाची वाट पाहिली, त्याचं कौतुक. मी चार वर्षं वाट पाहिली, ती कुणाला दिसली नाही.

त्या वर्षांतल्या सात वह्या माझ्याकडे आहेत. बरंचसं लिखाण कच्चं आहे. पण एकही दुपार कोरी नाही.