शेपूची जुडी आणि बंद फाइल

आमच्या जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या प्रभाताईंना कुठलंही पद नाही. सकाळी त्या किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरात राबतात आणि बुधवारी दुपारी शेपूची जुडी घेऊन ऊर्मिलाकाकूंकडे जातात. भारतातून मुलाकडे राहायला आलेली म्हातारी माणसं इथे दिवसभर भिंतींकडे बघत बसतात, त्यांच्यासाठीच आम्ही 'सोबत' नावाचं फेराइन, म्हणजे नोंदणीकृत संस्था, काढलं होतं. दोघी शेपू निवडत बसायच्या. काकूंच्या आठवड्यात बाहेरच्या माणसाचा आवाज म्हणून तेवढाच.

मग काकूंचाच मुलगा हृषिकेश आमचा अध्यक्ष झाला. गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारा हुशार माणूस, त्याला आमचं सगळंच ढिसाळ वाटलं.

"आल्झो, म्हणजे असं की, संस्थेत बदल हवा," तो पहिल्याच मीटिंगला म्हणाला. "भेट वीस मिनिटांची. शेवटी एकच प्रश्न, काही त्रास आहे का? नाही म्हणाले की फाइल बंद, भेटीही बंद."

"अरे बाबा, आपली म्हातारी माणसं असं विचारल्यावर कधी हो म्हणतात का?" मी म्हटलं. "पाय मोडला तरी बरं चाललंय म्हणतील."

"गेनाऊ, म्हणून तर फॉर्म आहे," तो म्हणाला.

गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर' म्हणे, डोंबल!

तीन महिन्यांत सगळ्या फाइली बंद झाल्या. कुणालाच काही त्रास नव्हता. हृषिकेशने पडद्यावर आलेख दाखवला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सांगायला लाज वाटते. प्रभाताईंचं मूल्यमापन झालं ते असं: एका भेटीला दोन तास, निष्पन्न शून्य. ऊर्मिलाकाकूंची फाइल तर पहिल्याच आठवड्यात मिटली होती. नवी स्वयंसेविका विचारायला गेली, काकू म्हणाल्या, "छे गं, मला मेलीला कसला त्रास?" तरी प्रभाताई जातच होत्या; आता त्यांना बुधवारी जाऊ नका असं पत्र गेलं.

दोन बुधवार त्या गेल्या नाहीत. तिसऱ्या बुधवारी जुडी पिशवीत घालून निघाल्या. "फेराइनची फाइल बंद, माझी नाही," म्हणाल्या. मीही सोबत गेले.

हृषिकेश त्या दिवशी घरूनच काम करत होता, आतल्या खोलीत मीटिंगमध्ये. आम्ही कुणी काकूंना काही विचारलं नाही. तासभर नुसती शेपू निवडली. मग काकू खाली बघतच बोलायला लागल्या.

"मागच्या महिन्यात ब्रेड आणायला गेले आणि घरच सापडेना. दोन तास बसथांब्यावर बसून होते. तेव्हापासून दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. हृषीला सांगू नकोस हं प्रभा, आधीच त्याला कामं किती."

हृषिकेश दारात उभा होता. हेडफोन गळ्यात, सगळं ऐकलेलं. प्रभाताईंनी अर्धी जुडी त्याच्यापुढे सरकवली. तो खाली बसला आणि काड्यांसकट पानं ताटात टाकायला लागला.

काकूंनी मान वर करून पाहिलं आणि लगबगीने म्हणाल्या, "काही नाही रे, बरं चाललंय आमचं."