घागरीचा आवाज

आमच्या वरच्या मजल्यावरचा संगीतकार घरीच कॉम्प्युटरवर गाणी बनवतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं घरातल्या सगळ्या सोलापुरी चादरी खोलीच्या भिंतींना ठोकल्यात. त्याच्या आईला पांघरायला एक उरली नाही, आणि बेस आमच्या मांडणीवरच्या ताटांत घुमतोच. गाणं कधी ऐकवणार विचारलं, की म्हणतो, "काका, अजून मिक्सिंग चालू हाय की!"

परवा त्याच्या आईच्या हातातली पितळी घागर निसटून तिच्याच पायावर आदळली. मी धावत वर गेलो. हेडफोन गळ्यात घेऊन तोही बाहेर आला. म्हणाला, "आई, लई भारी वाजली! परत एकदा पाड की, रेकॉर्डिंग चालू नव्हतं."

तिनं पाडली. त्याच्या पायावर.

तो जे ओरडला, त्याला मिक्सिंगची गरज नव्हती.