छप्पर मंजूर करणारे साहेब

राष्ट्रीय महत्त्वाची एक बाब आज प्रथमच जाहीर करतो. आमच्या पोलीस ठाण्याचं गळकं छप्पर दुरुस्त करायला दिल्ली एका मिनिटात तयार झाली होती. ती दुपार आठवली की मी अजूनही खुर्चीत स्थिर बसत नाही.

इंग्रजांच्या काळातल्या एका जुन्या विमानतळाचा विस्तार होणार, खर्च केंद्राने किती आणि राज्याने किती उचलायचा यावर बोलणी चालली आहेत, अशा बातम्या तेव्हा पेपरात येत. तेवढ्या आधारावर आमच्या हद्दीतल्या केबिन रोडला एका सफारीवाल्याने ऑफिस थाटलं. म्हणे, बोलणी करणाऱ्या समितीतला दिल्लीचा अधिकारी. विस्तारात जाणारी जमीन आधी त्याच्या नावावर करा, मग सरकारकडून तिप्पट मोबदला.

खबर दिली खाडीकाठच्या एका कोळणीने. "सायब, सासू उद्या मासली सुकवायचं खलं त्याला लिवून देते. ते गेलं तं आमी खानार काय? नळासाठी अर्ज करून थकली ती. हा नळ पन देतो म्हनला, म्हनून भुलली."

जमीन सासूची आणि सासू खूश. तक्रारदारच नाही, तर गुन्हा कसला नोंदवणार? मी फेऱ्या मारू लागलो.

"बसा साहेब," हवालदार म्हणाले, "फरशी झिजेल."

शेवटी म्हातारीला आणि त्या गृहस्थाला चौकशीसाठी बोलावलं. उलटसुलट विचारलं. पठ्ठ्या डगमगेना. वरून बादलीत टपटप चालू होती. वैतागून म्हणालो, "आमच्या छपराचा प्रस्ताव वर अडकलाय. तेवढं बघा ना."

"समझो हो गया. कागज लाओ, अभी साइन करता हूँ."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. उभ्या नोकरीत पहिल्या फटक्यात सही करणारा अधिकारी आम्ही दोघांनी पाहिला नव्हता. खरा असता तर आधी चहा मागवला असता, खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा ते विचारलं असतं आणि 'चर्चा करावी' असा शेरा मारून कागद खाली ढकलला असता.

"दिल्लीला, त्यांच्या मंत्रालयात फोन लावा," मी म्हणालो. गृहस्थाने पाणी मागितलं. पलीकडून उत्तर आलं, या नावाचं कुणी नाही. तासाभरात त्याने सगळं कबूल केलं. तोतयेगिरी आणि फसवणुकीच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. खळं वाचलं.

तेव्हापासून धमकी देणाऱ्यापेक्षा लगेच होकार देणाऱ्यावर मी जास्त नजर ठेवतो.

त्याला लॉकअपकडे नेताना म्हातारी बादलीकडे बघत मोठ्याने बोलून गेली, "खोटा हाय, पन हो तरी म्हनला. खरा सायब कवा म्हनल?"