चार वेळा नेलेली कादंबरी

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण अजून मनातून जात नाही ती लातूरच्या एका होस्टेलातली मारहाण. मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. क्लासेसचा जोर वाढलेला. लोकांनी घरांवर मजले चढवून खोल्या काढलेल्या, आणि त्यात गावोगावची बारावीची मुलं.

अशाच एका होस्टेलात भरदुपारी एका मुलाच्या डोक्यात कोणीतरी पाठीमागून लोखंडी गज घातला. मुलगा बेशुद्ध. पंचनामा केला, गज मिळाला नाही. सगळ्या मुलांचे जबाब घेतले, पण कोणी काही पाहिलं नव्हतं. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या या मुलांना शेजारच्या खोलीतल्याचं गावही धड माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ ठाण्यात आले. एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी एक कादंबरी माझ्या टेबलावर ठेवली.

"साहेब, ह्यात शाळेतलं पोरगं वर्गातल्या पोराच्या डोक्यात गज घालतंय. पेपरात वाचलं आन् आठवलं. त्याच होस्टेलातल्या एका पोरानं हीच कादंबरी चारदा नेलीय." जरा थांबून ते म्हणाले, "पोरगं वाईट न्हाई, साहेब. पुस्तक घेतल्यावर बोलायला थांबायचं. मलाच फुरसत नसायची."

वाचनालयाच्या नोंदीतून नाव मिळालं. मुलगा सतरा वर्षांचा, किल्लारीचा. भूकंपात आईवडील गेले तेव्हा तान्हा होता, मामांनी वाढवला. क्लासच्या हजेरीत त्या दुपारी तो गैरहजर होता.

वय अठराच्या आत, म्हणून मी गणवेश उतरवून साध्या कपड्यांत बसलो आणि मामांना बोलावून घेतलं. तासभर मुलगा "मी क्लासात होतो" एवढंच म्हणत राहिला. हवालदार माझ्या कानाशी लागले, "साहेब, पुस्तकानंच बिघडवलंय बघा." मलाही तसंच वाटत होतं. मी कादंबरी पुढे सरकवली.

"चार वेळा वाचण्यासारखं काय आहे यात? मारामारी?"

"न्हाई. ती पानं मी सोडून देतो."

"मग?"

"शेवटाला एक मास्तर त्या पोराला भेटायला जातात. जवळ बसून इचारतात, बाळा, तुला काय झालं होतं?" त्याने पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. "तेवढंच वाचायचो."

मी पुस्तक बाजूला केलं. "तुला काय झालं होतं?"

तो बोलायला लागला. होस्टेलात आल्यापासून त्याला कोणी नावानं हाक मारली नव्हती. सगळे 'भूकंप' म्हणायचे, "भूकंप आला रे" म्हणून त्याचा पलंग हलवायचे. हे सुरू करणारा तो जखमी मुलगाच. त्या दुपारी त्याने याच्या पेटीतला आईचा फोटो काढला, होस्टेलच्या फळ्यावर चाचणीच्या निकालाशेजारी चिकटवला आणि खाली लिहिलं, 'हिचे मार्क किती?'

"एकच फोटो होता, साहेब."

मामांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "मला का न्हाई सांगितलंस रे?"

"तुम्ही फोनवर टेस्टचंच इचारायचे, मामा."

मामांनी मान खाली घातली.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. पण मुलाने सांगितलेल्या जागी, गच्चीवरच्या टाकीमागे गज सापडला. पंचांसमोर जप्त केला. बाल न्याय मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. जखमी मुलगा वाचला, पण एका कानाने ऐकू येणं कायमचं गेलं. जबाबात त्याने फोटोची गोष्ट स्वतःहून सांगितली आणि म्हणाला, "आम्ही तर गंमत करत होतो." त्याचंही वय सतराच.

किल्लारीच्या मुलाने केलं ते चूकच होतं, आणि तसंच मी दोषारोपपत्रात लिहिलं. पण कादंबरीने त्याला बिघडवलं नव्हतं. आम्हा मोठ्या माणसांपैकी कोणी जे विचारलं नाही, ते त्याला फक्त त्या पानावर ऐकायला मिळत होतं.

माझा स्वतःचा मुलगा तेव्हा नांदेडला खोली घेऊन अकरावी करत होता. किल्लारीच्या मुलाशी बोललो, त्याच संध्याकाळी मी माझ्या मुलाला फोन केला. मार्क विचारले नाहीत. म्हटलं, "कसा आहेस? करमतं का तिथं?"

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "पप्पा, घरी काही झालंय का?"

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला आणि नांदेडची बस धरली.