ताडपत्रीवरचा कोंबडीचा पाय

लष्कराच्या लिलावातून आलेला एक तीन टनी ट्रक माझ्याकडे आहे. नगरात माझं बॅटऱ्यांचं दुकान, त्यामुळे ट्रकचं मला काडीचं काम नाही. तरी तीन वर्षं खपून मी तो उभा केला. इंजिन मूळचं, रंग मूळचा, हॉर्न तर इतका मूळचा की वाजवला की मीच दचकतो. फक्त मागच्या पाच लोखंडी कमानींवर निळी प्लॅस्टिकची ताडपत्री होती. एप्रिलात नगरच्याच रणगाडा संग्रहालयात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, नाव नोंदवून झालं होतं, आणि बायको म्हणाली, "रणगाड्यांच्या गावात कांद्याची गाडी घेऊन मिरवणार म्हणा!"

खरं तर जुनी कॅनव्हासची ताडपत्री मला एकदा मिळाली होती. भंगारातली, मळकी, कुबट वासाची. मी ती धुण्याचा सोडा टाकून हौदात भिजवली आणि ब्रश घेऊन वर बसलो. एका कोपऱ्यात तीन बोटांचा पांढरा ठसा होता. कुठल्याशा कोंबडीने चुन्यात पाय बुडवून वर दिला असणार, असं मी ठरवलं आणि तिथे सगळ्यात जास्त जोर लावला. कोंबडी निघाली तेव्हा काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

भिंगारला एक चाचा आहेत, जन्मभर तंबू आणि ताडपत्र्या शिवलेले. त्यांच्याकडे ती दुरुस्तीला नेली. त्यांनी उलगडलीसुद्धा नाही, नुसती नाकाशी धरली.

"सोडा?"

"थोडासा."

"ब्रश?"

"मऊ होता, चाचा."

"शेठ, मेण काढलंत हिच्यातलं. आता पाणी धरणार नाही. पायपुसणी शिवतो, पंधरा तरी होतील. पाहुण्यांत वाटा."

कोंबडीचं मी बोललो नाही.

प्रदर्शन महिन्यावर आलं. काष्टीच्या बाजाराहून येताना रस्त्याकडेच्या वस्तीवर कडब्याच्या गंजीवर जाड, हिरवट कॅनव्हास दिसला. मी मोटारसायकल थांबवली. गंजी साठीतल्या एका मावशींची होती. त्या धारेची बादली घेऊन गोठ्यातून बाहेर आल्या, तोवर मी वाकून कोपरे चाचपत होतो.

"मावशी, हे पोतेरं कशाला ठेवलंय? कोरी करकरीत प्लॅस्टिकची देतो बदल्यात."

"पोतेरं हाय तर तुमी एवढं वाकून काय बघताय, दादा?"

मी हातातला कोपरा सोडून दिला.

"आमच्या सासऱ्यांनी आणलंय मिलिटरीच्या लिलावातनं. याच्याखाली कडबा कधी भिजला न्हाई. तुमची पलास्टिक एका उन्हाळ्यात फाटती, मग जनावरांनी काय खायचं? जाणता माणूस आना, मग बोलू."

जाणता म्हणजे मी नव्हे, हे त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं होतं. मला तेवढंच कळायला तीन वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी चाचांना मागे बसवून नेलं. वाटेत पढवलं, "तिथे फार बोलू नका. 'बरी आहे' एवढंच म्हणा." चाचा "बरं" म्हणाले आणि मी बिनधास्त झालो.

ताडपत्री अंगणात पसरली. चाचांची नजर आता अधू झालीय. ते मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि तळवा फिरवत निघाले.

"तंबू नाही. ट्रकचीच आहे."

"कशावरून?"

त्यांनी माझा हात धरून कापडावर दाबला. सारख्या अंतरावर कापड झिजून गुळगुळीत झालं होतं, आडवे पाच पट्टे. कमानींनी घासलेले. कालच मी इथून दोनदा हात फिरवला होता. मला फक्त धूळ लागली होती.

पुढे एक ठिगळ आलं. चाचांची बोटं थांबली. "हे कारखान्यातलं नाही. वाटेत कुणीतरी हाताने शिवलंय, घाईत. टाके वाकडे आहेत. पण एक सुटलाय का बघा."

एकही सुटला नव्हता. कोण असेल तो, कुठल्या रस्त्यावर सुई घेऊन बसला असेल, असं मनात आलं आणि मी जरा मागेच सरकलो. कालपासून मी या कापडाला पोतेरं म्हणत होतो.

मग चाचांनी कडेची घडी उलटली. आत, धुळीखाली, पुसट पांढरी तीन बोटं. "कोंबडी!" माझ्या तोंडून निसटलं.

"हा बाण. लष्कराच्या मालाची खूण. ही आहे तर मालाची ओळख आहे. शेठ, घाम का फुटला?"

"ऊन आहे," मी म्हणालो.

मावशींनी कळशी आणली. आम्ही कापडाची झोळी धरली, चाचांनी पाणी ओतलं. सुताचंच कापड, पण कळशीभर पाणी त्यात तळ्यासारखं थांबलं. मेण असतंच, शिवाय सूत भिजून फुगतं आणि भोकं बुजतात, चाचा म्हणाले. मला राहवेना. खाली खरंच कोरडं आहे का बघायला मी बोट लावलं.

टप. टप. टप.

"बोट लावलंत?" चाचा ओरडले. मग त्यांनी त्या थेंबापासून कडेपर्यंत खालून सावकाश बोट ओढलं. थेंब पडायचा थांबला आणि पाणी त्या रेघेवरून मुकाट चालत कडेला गेलं. आम्ही तिघंही ते बघत राहिलो. मावशी हळूच म्हणाल्या, "इतकी वर्सं वापरतो, पन हे ठावं नव्हतं."

मग त्यांनी विचारलं, "चाचा, किंमत काय हिची?"

मी चाचांना डोळा घातला. चाचांना दिसला नसावा, किंवा दिसला असावा. "बाई, यांच्या प्लॅस्टिकच्या ट्रकभर आणल्या तरी देऊ नका. असलं कापड आता कुणी विणत नाही."

"व्हय का, दादा?"

"व्हय," मी म्हणालो. त्या कापडासमोर खोटं बोलायची हिंमत उरली नव्हती.

मावशींनी गंजीकडे बघितलं. "इकायची न्हाई. पन सासऱ्यांनी आणली तवापासनं कडब्यावरच हाय बिचारी. ट्रक हिकडं आना, बघू द्या कशी दिसती."

रविवारी ट्रक नेला. चाचांनी दोऱ्या ओवल्या. कापडावरचे पाच पट्टे पाच कमानींवर असे बसले की कापड कालच तिथून उतरवलं असावं. मावशी ट्रकभोवती एक चक्कर मारून आल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "परदर्शनाला न्या. पावसाच्या आत परत. तवर निळी हितं ठिवून जा, कडबा उघडा ठिवू का?"

मी निमूट निळी काढून दिली. ट्रक सुरू केला तशा त्या खिडकीशी आल्या.

"आन् दादा, धुऊ नगा. कोंबडी असली तरी ऱ्हाऊ द्या."

मी चाचांकडे बघितलं. ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "पहिल्या ताडपत्रीचा घासलेला कोपरा मी चाचपला होता, शेठ," ते म्हणाले. "चला आता, सावकाश चालवा."